घाम चालतो, ढोलकी चालत नाही

आमच्या इमारतीशेजारी दीड वर्ष टॉवरचं काम चाललं होतं. सकाळी आठला ब्रेकर सुरू व्हायचा तो दिवेलागणीला थांबायचा. स्लॅब असला की काँक्रीटच्या गाड्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घुरघुरत उभ्या. तावदानं थरथरायची, दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत करडे व्हायचे. सोसायटीच्या ग्रुपवर याबद्दल कुणी ब्र काढला नाही. समोर टॉवर झाला की आपल्याही जागेचा भाव चढतो, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. मग होळीच्या आधीच्या एका रविवारी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, पत्र्याच्या शेडमधून ढोलकी आणि झांजा ऐकू आल्या. दहा-बारा जण फगुआ, म्हणजे होळीची भोजपुरी गाणी, गात होते. पाऊण तासात ग्रुपवर सतरा मेसेज पडले. मुलांचा अभ्यास, आजींचं ब्लडप्रेशर, 'हा रेसिडेन्शियल एरिया आहे', 'पोलिसांना फोन करा'. शेवटी सेक्रेटरी पायात चपला सरकवून खाली उतरले आणि ढोलकी थांबली.

मीही त्या दिवशी खिडकी लावून घेतली होती, हे आधीच कबूल करतो. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बाहेरून पोट भरायला आलेल्या माणसाचा घाम आपल्याला चालतो. त्याचं रडणंही चालतं, किंबहुना आवडतं. खुपतं ते त्याचं हसणं. म्हणून परमुलखात राबणाऱ्या माणसांवर कुणी विनोदी सिनेमा काढतो, आणि त्यात ती माणसं चक्क मजेत दिसतात, तेव्हा 'एवढ्या गंभीर विषयाचा पोरखेळ केला' असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहवत नाही. माझ्या मते स्थलांतरित मजुराबद्दल बोलायची विनोद ही सगळ्यात अवघड आणि सगळ्यात प्रामाणिक रीत आहे. अट एकच. विनोद त्याचा असला पाहिजे, त्याच्यावरचा नव्हे.

टाळेबंदीनं आपल्या मनात एक चित्र कायमचं गोठवून ठेवलंय. ८ मे २०२०च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली आणि सोळा जण मेले. जालन्यातल्या स्टीलच्या कारखान्यातून ते मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्या पोळ्यांचा फोटो ज्यानं पाहिला तो विसरणार नाही, विसरूही नये. पण त्यानंतर पडद्यावर, पेपरात, कवितेत मजूर आला की तो डोक्यावर बोचकं घेऊन चालतच असतो. त्याला भेगाळलेली टाच असते, आवडता नट नसतो. तो कुणाची नक्कल करत नाही, पत्त्यांत लबाडी करत नाही, पगाराच्या दिवशी भडक शर्ट घेत नाही. रडणाऱ्या मजुराला आपण बिस्किटाचा पुडा देतो आणि मोकळे होतो. हसणारा मजूर मात्र आपल्याकडे काही मागत नसतो, आणि तो आपल्यालाच हसतोय की काय, ही शंका अस्वस्थ करते.

या अस्वस्थतेवर बेतलेला एक इटालियन सिनेमा आहे, फ्रांको ब्रुसाती यांचा. १९७४ साली आला. नावाचा अर्थ 'पाव आणि चॉकलेट'. निनो मान्फ्रेदी या नटानं त्यात दक्षिण इटलीतून स्वित्झर्लंडला आलेल्या वेटरचं काम केलंय. सुरुवातीलाच तो सुट्टीच्या दिवशी एका देखण्या बागेत बसलाय. हिरवळ कंगव्यानं विंचरल्यासारखी, माणसं नीटनेटकी, एका बाजूला काही जण तंतुवाद्यं वाजवतायत. हा पावात चॉकलेट घालून घास घेतो, आणि त्या कुरकुरीत पावाचा आवाज असा होतो की सगळी बाग वळून बघते. बस, एवढंच. कुणी शिवी देत नाही, कुणी हाकलत नाही. पण त्या एका घासात पुढचा अख्खा सिनेमा कळतो. हॉटेलात ताटं उचलताना ज्याची उपस्थिती कुणाला जाणवत नाही, तो स्वतःच्या आनंदासाठी घास चावतो तेव्हा त्याचा आवाज होतो. आमच्या शेडमधली ढोलकी हीच.

त्या सिनेमामागचा इतिहास हसण्यासारखा नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा हंगामी कामगारांचा वेगळा परवाना असायचा. वर्षातले ठरावीक महिने काम करा, मग परत जा. बायकामुलांना आणायची परवानगी नाही. ज्यांनी लेकरं चोरून आणली, त्यांनी ती खोलीत कोंडून वाढवली. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून मुलाला खेळूही द्यायचं नाही. ७ जून १९७० रोजी तिथे परदेशी लोकांची संख्या सक्तीनं कमी करण्याच्या प्रस्तावावर मतदान झालं. सुमारे ५४ टक्के विरोधात गेले म्हणून तो पडला, म्हणजे शंभरातल्या शेहेचाळीस मतदारांना ही माणसं नको होती. (मतदार म्हणजे फक्त पुरुष. देशाच्या मतदानात स्विस बायकांना हक्क मिळाला तो पुढच्या वर्षी.) अशा देशात, अशा वेळी ब्रुसातींनी रडका सिनेमा काढला असता तर लोकांनी रुमाल भिजवले असते आणि घरी गेले असते. त्यांनी हसवलं. एका प्रसंगात कामगारांच्या बराकीत रात्री पुरुषच बायकांचे कपडे करून नाचगाणं करतात. आपल्याकडे दशावतारातल्या स्त्री-पार्टीला किंवा तमाशातल्या नाच्याला ओळखणाऱ्या माणसाला त्या बराकीत लगेच घरच्यासारखं वाटेल. आणखी पुढे, कोंबड्यांच्या खुराड्यात राहणारी काही इटालियन माणसं कोंबड्यांसारखीच वागून दाखवतात, आणि तिथे हसता हसता आपला घसा अडकतो. शेवटाकडे तर निनो केस पिवळे रंगवून स्विस बनतो, बारमध्ये फुटबॉल बघायला बसतो, आणि इटलीचा गोल झाल्यावर स्वतःला आवरू शकत नाही. आनंदानंच त्याचं बिंग फोडलं! दुःख लपवता येतं हो, एखाद्या गोलचा आनंद नाही लपत.

मल्याळममधला १९८७चा 'नाडोडिक्काट्टु' तितका कडू नाही, पण त्याची कल्पना मला आजही अफाट वाटते. नोकरी नसलेले दोन मित्र पैसे देऊन दुबईला जाणाऱ्या लाँचमध्ये चढतात. दलाल त्यांना किनाऱ्यावर उतरवतो. दोघं अरबी झगे चढवून ऐटीत चालू लागतात, आणि पाट्या तमिळमध्ये दिसायला लागतात. दुबई नाहीच, मद्रास आहे. १९८७ साली केरळात असं घर विरळाच, ज्यातलं कुणी ना कुणी आखातात गेलं नव्हतं किंवा जायच्या खटपटीत नव्हतं. दलालांनी लुबाडणं हे तिथलं रोजचं दुःख होतं. त्या दुःखावर अख्खा केरळ पोट धरून हसला, आणि हसणाऱ्यांत स्वतः फसवले गेलेलेही असणारच. सत्यन अंतिक्काड यांचं दिग्दर्शन आणि श्रीनिवासन यांचं लेखन यांनी जे साधलं ते सरकारी इशाऱ्यांच्या पत्रकांना साधलं नसतं. दलाल कसा बोलतो, कशी स्वप्नं विकतो, हे लोकांना पाठ झालं. आज त्याच केरळात बंगाल, आसाम, ओडिशातले मजूर गेलेत. सरकार त्यांना 'अतिथी कामगार' म्हणतं, पेरुंबावूरला रविवारी त्यांचा बाजार भरतो. अतिथी शब्द छान आहे, पण पाहुणा कधीतरी निघतो अशी त्यात सोयही आहे.

आता आपल्या पडद्याकडे येऊ. आपल्याकडे परप्रांतीय मजूर विनोदात नाही असं कसं म्हणायचं? ढिगानं आहे. दूधवाला भय्या, लुंगीतला मद्रासी, 'शाब जी' म्हणणारा गुरखा. पण तो विनोदाचं गिऱ्हाईक आहे. त्याचा उच्चार हाच विनोद. तो बोलला की हशा, कारण तो आपल्यासारखं बोलत नाही. हिंदी सिनेमानं हाच न्याय आपल्याला लावला, तेव्हा आपण चिडलो. तिकडे मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर भांडी घासणारी बाई, हे गाऱ्हाणं आपण वर्षानुवर्षं करतोय, आणि ते खरंच आहे. फक्त ते गाऱ्हाणं करताना आपल्याच नाटकातला भय्या आपल्याला आठवत नाही.

आठवायला हवा, कारण या मुंबईत परका मजूर आधी आपणच होतो. कोकणातून घरकामाला आलेला प्रत्येक गडी शेटजींच्या घरात 'रामा' व्हायचा, त्याचं खरं नाव काही का असेना. घाटावरून आलेल्या हमालाला 'घाटी' म्हणायचे, आणि ती शिवी अजून जिवंत आहे. कानातल्या बाळ्यांमुळे रत्नागिरीकडच्या कुणबी गड्यांना 'बाल्या' म्हणत. ते पायात चाळ बांधून गोल धरून नाचायचे, त्याला शहरानं 'बाल्या डान्स' असं नाव देऊन टाकलं. गावात ती जाखडी होती, तिला गुरू होते, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब होते. शहराला दिसला तो बाल्याचा नाच. साठच्या दशकात मग आपली पाळी आली. 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' या घोषणेला यमक होतं, ताल होता, ऐकणाऱ्याला हसू यायचं. विनोद म्हणून बघाल तर उत्तमच. तो कुणाच्या तोंडचा होता आणि कुणाच्या दुकानाच्या काचेवर फुटला, हा प्रश्न वेगळा. २००८ साली जुहूच्या किनाऱ्यावरच्या छटपूजेवरून शहर तापलं, तेव्हाही वाद मजुरीवरून नव्हता. त्यांनी इमारती बांधू नयेत, रिक्षा चालवू नयेत असं म्हणणारे होते, नाही असं नाही. पण ठिणगी पडली ती सणावरून. वर्षभर दिसेनाशी असलेली माणसं एका संध्याकाळी नव्या साड्या नेसून, ऊस-केळी घेऊन समुद्रावर एकदम दिसायला लागली, आणि ते दिसणं सहन झालं नाही.

याउलट, आपण स्वतः परके होतो तेव्हा काय केलं ते पाहा. माझ्या आजोबांची पिढी डिलाईल रोडच्या गाळ्यांत राहिली. एका गावाचा एक गाळा, त्यात पाळीपाळीनं झोपणारे तीस-चाळीस बाप्ये, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. जेवण खानावळीत, महिन्याच्या बोलीवर. बायकामुलं गावी. या वर्णनावर कुणालाही शोकगीत लिहिता येईल. पण घरात मी ऐकलेल्या गोष्टी वेगळ्याच होत्या. झोपलेल्याच्या ट्रंकेला लावलेलं दुसऱ्याचं कुलूप, पत्र वाचून दाखवणाऱ्यानं मधेच घुसडलेली वाक्यं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे रविवारची डबलबारी, भजनांचा सामना. दोन बुवा, दोन मंडळं, आणि गजराच्या मधोमध एकमेकांना असे चिमटे की पांडुरंगालाही हसू फुटावं. सोमवारी गिरणीच्या खात्यात साच्यांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून माणसं बुवांच्या हातवाऱ्यांची नुसती नक्कल करायची.

या गोष्टींत रविवार पुन्हा पुन्हा येतो, आणि रविवार आभाळातून पडलेला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले. १० जून १८९० रोजी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, हाही युक्तिवाद तेव्हा झाला असं सांगतात. लोखंड्यांचं म्हणणं साधं होतं. सहा दिवस मालकाचे, एक दिवस माणसाचा. त्या दिवशी तो देवाला जाईल, समाजाचं काम करेल, झोपेल, नाहीतर नाटक बघेल. याच शहरात पावणेदोन वर्षांनी, १७ एप्रिल १८९२ला, ईस्टरच्या रविवारी, गोव्याहून आलेल्या माणसांनी न्यू आल्फ्रेड थिएटरात 'इटालियन भुर्गो' नावाचा खेळ केला आणि कोंकणी तियात्राचा जन्म झाला. गोव्यात नव्हे, मुंबईत! दोन घटनांची सरळ गाठ मारणं आगाऊपणाचं ठरेल. तियात्र करणारे गिरणीतले नव्हते. आचारी, बोटीवरचे खलाशी, आया, वाजंत्री अशी ती माणसं, आणि त्यांचा मुक्काम धोबीतलावकडच्या कुडांमध्ये. कूड म्हणजे गोव्याच्या एकेका गावाची मुंबईतली खोली, आमच्या गाळ्याचीच ख्रिस्ती बहीण. संध्याकाळी तिथे तेर्स म्हणजे रोझरी व्हायची. गोव्याच्या लोकांचा सगळ्यात लाडका, सगळ्यात हसवणारा आणि सत्ताधाऱ्यांना सगळ्यात जास्त टोचणारा नाट्यप्रकार घरापासून लांब राबणाऱ्यांनी जन्माला घातला, आणि मग तो गावी गेला. उलटा प्रवास.

'वस्त्रहरण'चंही काहीसं असंच. गंगाराम गवाणकरांचं नाटक, मच्छिंद्र कांबळींची मालवणी, १९८०. कथा गावातल्या नाटक बसवण्याच्या फजितीची, पण खुर्च्यांत बसून शिट्ट्या मारणारा मुंबईचा चाकरमानी. त्याला गाव दिसत होतं आणि गावाची टिंगलही करता येत होती, कारण तो आता दोन्हीकडचा अर्धा-अर्धा होता. बोलीला नाकं मुरडणाऱ्या शहराच्या मधोमध त्याच बोलीत शिव्या ऐकायला लोक तिकिटं काढून आले. पाच हजारांवर प्रयोग झाले. या हशातून मालवणी माणूस हास्यास्पद झाला का? उलट, 'रामा' म्हणून हाक मारलेला माणूस रंगमंचाच्या मध्यावर उभा राहून दुसऱ्यांची नावं ठेवू लागला.

म्हणून माझं म्हणणं असं की परमुलखातला आनंद हा स्वभावाचा किंवा 'गरीब पण समाधानी' वगैरेचा प्रश्न नाही. (ते 'गरीब पण समाधानी' जिथे दिसेल तिथे खोडून टाकावं.) आनंदाला दोन गोष्टी लागतात, सुट्टी आणि जागा. गिरणगावाला दोन्ही होत्या, भांडून मिळवलेल्या. लालबागला हनुमान थिएटरात तमाशा, परळला दामोदर हॉल, भारतमाताला सिनेमा, चाळीच्या मधे चौक. १९५३ साली मुंबई राज्यानं कामगार कल्याण निधीचा कायदाच केला. मालक, कामगार आणि सरकार तिघांच्या वर्गणीतून केंद्रं चालली, आणि त्यांच्या नाट्यस्पर्धांमधून कारखान्यातली माणसं नट झाली. म्हणजे नाटक हा मजुराचा हक्क आहे, त्यासाठी मालकानं पैसे द्यावेत, हे कायद्याच्या भाषेत लिहिणारं हे राज्य आहे. मग १९८२चा संप आला आणि अडीच लाखांच्या आसपास माणसं गिरण्यांबाहेर पडली ती पडलीच. हनुमान थिएटर गेलं. फिनिक्स गिरणीत मॉल आला. भारतमाता टिकवायला आंदोलन करावं लागलं. दामोदर हॉल शंभरी गाठून पुनर्विकासासाठी बंद झाला. त्याच जमिनींवर टॉवर बांधायला जे आले, त्यांना यातलं काहीच मिळालं नाही. त्यांना पत्र्याची शेड मिळाली, तीही काम संपेपर्यंत.

समोरून एक आक्षेप येतो, तो मात्र मला हलका वाटत नाही. मजुराचा आनंद दाखवणं मालकाच्या पथ्यावर पडतं. संयुक्त अरब अमिरातीत मजुरांच्या कँपांमध्ये हिंदी सिनेमाच्या गाण्यांची स्पर्धा भरायची. पैसे घरी पाठवणाऱ्या एका कंपनीचं प्रायोजकत्व, स्टेज, दिवे, बक्षीस, आणि भारत, पाकिस्तान, बांगलादेशातले कामगार जीव तोडून गायचे. महमूद काबूर यांनी २०१३ साली त्यावर माहितीपट केला. बघताना दोन्ही गोष्टी एकदम होतात. पोराच्या गळ्यातलं गाणं खरं असतं, आणि ज्यांच्या जिवावर कमिशन मिळतं त्यांनाच गायला लावणारा बॅनरही खराच असतो. तिथला कामगार मालकाच्या परवानगीशिवाय सहजी नोकरीही बदलू शकत नसे. अशा ठिकाणी 'बघा, किती खुशीत आहेत' म्हणणारा कॅमेरा लबाड ठरतो. हे मान्यच आहे. पण त्यावर उतारा म्हणून कॅमेऱ्यानं गाणंच गाळलं, तर ती दुसरी लबाडी. पहिल्या लबाडीत मजुराच्या अडचणी चोरल्या जातात, दुसरीत मजूरच चोरला जातो. प्रामाणिक विनोदी सिनेमा गाणं दाखवतो आणि त्याची किंमतही दाखवतो. किती वाजता परत जायचंय, उशीर झाला तर काय होईल, हा शर्ट कुणाकडून उसना आणलाय.

हाँगकाँगचं उदाहरण मला इथे फार पटतं. तिथे तीन लाखांहून जास्त परदेशी बायका घरकाम करतात, बहुतेक फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या. मालकाच्याच घरात राहण्याची सक्ती आहे. पण कायद्यानं सात दिवसांतला एक दिवस त्यांचा आहे. रविवारी शहराच्या सगळ्यात महागड्या भागात, बँकांच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी, त्या पुठ्ठे अंथरून बसतात, जेवतात, केस कापतात, नाचाच्या तालमी करतात. काही जणी सौंदर्यस्पर्धा भरवतात, मुकुट-बिकुट सगळं. बेबी रुथ व्हियारामा यांच्या ज्या माहितीपटात हे आहे, तो २०१६ साली मनिलाच्या महोत्सवात भल्याभल्या कथापटांना मागे टाकून पहिला आला. मुकुट घातलेली बाई दुसऱ्या सकाळी म्हाताऱ्याला अंघोळ घालत असते. नोकरी गेली तर दोन आठवड्यांत शहर सोडावं लागतं. हे माहीत असताना मुकुट चढवणं याला कुणी भाबडेपणा म्हणू नये.

आणि आता आपला ऊसतोड कामगार. बीड, नगरकडून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, फडाजवळ कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तोडायचं. एक दिवस नाही गेलं की खाडा, आणि खाड्याचा दंड. रात्री-बेरात्री गाडी आली की भरायला उठायचं. लोखंड्यांनी १८९०मध्ये जो रविवार मिळवला, तो या राज्यातल्या सहकाराच्या सगळ्यात गोड धंद्यात अजून पोचलेला नाही. तिथे विनोद नाही असं मी म्हणत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेल्या बायका मुकादमाच्या ज्या नकला करतात त्या ऐकल्या की कळतं. पण तो विनोद पाचटाबरोबर जळून जातो. त्याची बारी होत नाही, त्याचं तियात्र होत नाही, कारण त्याला बसायला वेळ नाही. या माणसांवर विनोदी सिनेमा काढू पाहणाऱ्या लेखकापुढे खरी अडचण येईल ती हीच. पात्रं सापडतील, संवाद सापडतील, पण रविवार कुठून आणणार?

त्यामुळे 'मजुरांवर विनोद करावा की नाही' हा वाद मला दुय्यम वाटतो. खाडा बंद करून आठवड्याची भरपगारी सुट्टी द्या, हे पहिलं. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो, तो बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीच. त्यातून पेट्या, भांड्यांचे संच वाटले जातात, चांगलं आहे. पण जिथे सकाळी मजूर नाक्यावर उभे राहतात, तिथेच रविवारी संध्याकाळी पालिकेच्या शाळेचं पटांगण उघडून दिलं, एक पडदा आणि एक माइक दिला, तर काय बिघडेल? १९५३च्या कायद्याला जे सुचलं होतं, ते आज वेडगळ का वाटावं? आणि सिनेमावाल्यांना विनंती एवढीच की मजुराच्या भूमिकेला नट शोधताना संवाद लिहायलाही त्याच बोलीतला माणूस शोधा. भोजपुरीत, ओडियात, पारध्यांच्या भाषेत काय हसण्यासारखं आहे ते पुण्यातल्या कॅफेत बसून नाही सापडणार.

ढोलकी थांबली त्याच्या पुढच्या रविवारी मी शेडकडे गेलो होतो. उगाच. भरपाई वगैरे मनात होती की नुसती चौकशी, आता आठवत नाही. आतून हशा येत होता. पातेल्यांच्या पलीकडे एक पोरगा उभा होता, विशीतला. त्यानं लुंगीचा काठ पकडून चालायला सुरुवात केली, एक चप्पल फटफटवत, मान थोडी वाकडी, एक हात खिशात नसलेल्या मोबाइलवर. मग बोट वर करून, बरं का, चक्क मराठीत, 'आवाज नको. आवाज नको हां. मुलांची परीक्षा आहे.' हुबेहूब आमचे सेक्रेटरी. लोक लोळत होते. एकानं मला दारात पाहिलं आणि त्याला खूण केली. पोरगा थांबला, माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हटलं, ते डाव्या पायानं फरपटतात, उजव्या नाही.

त्यानं पाय बदलला आणि पहिल्यापासून सुरू केलं.